आवक घटली म्हणजे धरण खाली झालं का?

मागच्या महिन्यात याच पानावर मी लिहिलं होतं की आरएसआय, एमएसीडी हे मोमेंटम इंडिकेटर शेअरची चाल किती जोरात आहे एवढंच सांगतात, ऑप्शनचं, म्हणजे ठराविक तारखेला ठरलेल्या भावाने शेअर घ्यायच्या (कॉल) किंवा विकायच्या (पुट) हक्काचं, त्यांना काही कळत नाही. दोनच परिच्छेद होते. त्यावर इतकी पत्रं आणि व्हॉइस नोट आल्या की विचारू नका, एका दादाने तर मोंढ्यातूनच रेकॉर्ड करून पाठवली, मागे सौदा चालू, हमालांची ओरड, निम्मा प्रश्न मला कळलाच नाही. जेवढे कळले तेवढे घेतोय. नावं कुणाचीच छापत नाही, कारण निम्म्या जणांनी शेवटी "घरी माहीत नाही" असं लिहिलंय.

प्रश्न (औसा): सर, मी लातूरला डाळ मिलमध्ये हिशेब बघतो. रीलमध्ये बघितलं की आरएसआय ३० च्या खाली गेला की शेअर लै स्वस्त झाला, डोळे झाकून घ्यायचा. मी एका शेअरचा कॉल घेतला तेव्हा आरएसआय २८ होता. दुसऱ्या दिवशी २४ झाला, मग १९. शेअर पडतच गेला आणि माझा कॉल ३१ रुपयांवरून ४ वर आला. इंडिकेटर खोटा आहे का मीच चुकलो?

उत्तर: दादा, इंडिकेटर खोटं बोलला नाही, तो जे बोलला ते रीलवाल्याने तुम्हाला उलटं करून सांगितलं.

आरएसआय कसा निघतो ते एकदा हाताने करून बघा, तुमचं तर कामच हिशेबाचं आहे. मागच्या १४ दिवसांत शेअर ज्या दिवशी वाढला त्या दिवसांची वाढ एका बाजूला मांडा, ज्या दिवशी पडला त्या दिवसांची पड दुसऱ्या बाजूला. समजा वाढ सगळी मिळून २७ रुपये झाली आणि पड ६३ रुपये. एकूण हालचाल ९० रुपयांची, त्यातली वाढ २७, म्हणजे शंभरात ३०. झाला आरएसआय ३०. (अॅपमध्ये सरासरी थोडी वेगळी काढतात, कालच्या सरासरीला १३ ने गुणून त्यात आजचं मिळवून १४ ने भागतात, म्हणून दोन अॅपवर आकडा थोडा इकडेतिकडे दिसतो, पण गाभा हाच.) आता तुम्हीच सांगा, यात स्वस्त हा शब्द कुठं आला? ३० म्हणजे एवढंच की शेअर जेवढा हलला त्यातला शंभरात सत्तर भाग खाली हलला. ते जोरदार मंदीचं वर्णन झालं, ती संपल्याची बातमी नाही.

आपल्याकडचं सांगतो. नाशिककडचा पाऊस थांबला की पैठणला जायकवाडीत येणारी आवक कमी होते. समजा काल ५० हजार क्युसेक होती आणि आज २० हजार झाली. पेपरात छापून येतं "आवक घटली". पण धरणातलं पाणी काय कमी झालं का? ते वाढतच आहे, फक्त कालच्यापेक्षा हळू. मोमेंटम म्हणजे ही आवक आणि शेअरचा भाव म्हणजे धरणाची पातळी. एमएसीडी बघून लोक जास्त फसतात ते इथंच. १२ दिवसांची सरासरी आणि २६ दिवसांची सरासरी यातलं अंतर म्हणजे एमएसीडी, त्या अंतराची परत ९ दिवसांची सरासरी म्हणजे सिग्नल लाइन, आणि दोन्हीतला फरक म्हणजे ते हिस्टोग्राम, त्या खालच्या हिरव्या-लाल काड्या. काड्या बुटक्या होत चालल्या की आपल्याला वाटतं आता उलटणार, आणि शेअर मात्र अजून दोन आठवडे त्याच दिशेला चालत राहतो, हळूहळू का होईना. तुमचा आरएसआय काही दिवसांनी १९ वरून २८ ला आला तरी शेअर आजच्या भावाच्या वर असेलच असं नाही, पडायचा जोर ओसरला असेल, बस्स.

तेजीतला शेअर महिनोन्महिने ७० च्या आसपास राहू शकतो आणि मंदीतला शेअर उसळी मारली तरी ६० ला टेकून परत खाली येतो. म्हणून माझी पद्धत उलटी आहे. शेअर मोठ्या चार्टवर वर चाललेला असेल आणि मध्येच थकून आरएसआय ४०-४५ ला आला आणि तिथून परत वळला, तर मी कॉलचा विचार करतो. पडणाऱ्या शेअरचा ३० बघून कॉल घेणं म्हणजे चालत्या ट्रॅक्टरच्या चाकाखाली दगड लावणं. शेअर विकत घेऊन ठेवला असता तर निदान तो तुमच्याकडे राहिला असता, वर्षभराने का होईना कदाचित आला असता वर. कॉलला तारीख आहे. तुमच्या ३१ रुपयांतले काही त्या तारखेनेच खाल्ले असतील.

प्रश्न (अंबाजोगाई): मी शिक्षक आहे. कंपनीचा रिझल्ट चांगला येणार असं वाटत होतं, आरएसआय ६२ वर चढता, एमएसीडीने सिग्नल लाइन वर ओलांडलेली, सगळं बरोबर बघून रिझल्टच्या आदल्या दिवशी कॉल घेतला. रिझल्ट चांगला आला, शेअर वाढला सुद्धा, पण कॉल कमी झाला. ब्रोकरला फोन केला तर तो हसला. हे काय गौडबंगाल आहे?

उत्तर: सर, ब्रोकरचं सोडा, मी तुमच्यावर हसणार नाही, कारण मी हेच केलंय. सात-आठ वर्षांपूर्वीची गोष्ट, एका आयटी कंपनीचा शेअर १४८० ला होता, एक्सपायरीला, म्हणजे ऑप्शनच्या शेवटच्या तारखेला, आठ दिवस, मी १५०० चा कॉल ४० रुपयांना घेतला, लॉट ५०० शेअरचा. रात्री रिझल्ट आला, चांगला आला, मी घरात पेढे आणायच्या गोष्टी करत होतो. सकाळी शेअर उघडला १४९८ ला, १८ रुपये वर. आणि माझा कॉल? २२ रुपये. मला वाटलं स्क्रीन अडकली, मोबाईल बंद करून परत चालू केला, तरी २२. ९ हजार रुपये गेले आणि दिशा शंभर टक्के बरोबर होती. त्या दिवशी कळलं की मी बघत होतो एक आणि विकत घेतलं होतं दुसरंच.

प्लॉटचा इसार घ्या. तुम्ही कुणाला इसार देता तेव्हा काय विकत घेता? ठराविक तारखेपर्यंत ठरलेल्या भावाने खरेदीखत करून घ्यायचा हक्क. तारीख गेली की इसार बुडाला. ऑप्शनचा प्रीमियम, म्हणजे त्याला मोजलेली किंमत, तसाच, फक्त इसार किमतीत वजा तरी होतो, हा तोही होत नाही. आता समजा गावात कुजबूज सुरू झाली की आपल्या शिवारातून मोठा रस्ता जाणार, कुठून जाणार ते अजून नक्की नाही. लगेच इसाराचा भाव फुगतो ना? ज्याला पन्नास हजारांत इसार मिळत होता त्याला दोन लाख मागतात. मग एक दिवस नकाशा लागला, रस्ता तुमच्या प्लॉटपासून तीन किलोमीटर लांबून गेला. प्लॉटचा भाव थोडा वाढला, वाढला म्हणजे वाढलाच, पण कुजबूज संपली. आता दोन लाखांचा इसार कोण घेणार?

त्या कुजबुजीला बाजारात इम्प्लाइड व्होलॅटिलिटी म्हणतात, ऑप्शन चेनमध्ये (ऑप्शनच्या भावांच्या तक्त्यात) आयव्ही नावाचा कॉलम असतो तो. माझ्या कॉलची आयव्ही रिझल्टच्या आधी ५५ च्या आसपास होती, रिझल्ट आल्यावर २८ झाली, निम्मी. शेअर १८ रुपये वाढल्याने मिळालेलं सगळं त्यात गेलं आणि वरून १८ रुपये गेले. इंडेक्समध्येही असंच होतं. लोकसभेच्या निकालाचा दिवस आठवा, ४ जून २०२४, निफ्टी एका दिवसात जवळपास ६ टक्के आपटला, दुसऱ्या दिवशी ३ टक्क्यांवर उसळला, आणि त्याच दुसऱ्या दिवशी इंडिया व्हिक्स (निफ्टीच्या ऑप्शनमधली कुजबूज मोजणारा आकडा) जवळपास ३० टक्के खाली आला. कुजबूज संपली.

आरएसआय काय किंवा एमएसीडी काय, हे फक्त शेअरच्या भावावरून निघतात. त्यांच्या गणितात आयव्ही कुठंच नाही, एक्सपायरीही नाही. तुमचा सिग्नल बरोबरच होता सर, पण इसार महाग आहे का स्वस्त हे त्याला विचारून उपयोग नव्हता.

मग करायचं काय? एक तर रिझल्टची तारीख आधी बघायची आणि त्याच्या तोंडावर नुसता कॉल किंवा नुसता पुट घ्यायचा नाही. घ्यायचाच असेल तर जोडी करा. एक शेअर धरू १००० रुपयांचा, एक्सपायरीला बाजाराचे ९ दिवस. हा साधारण शांत दिवसांचा हिशेब आहे, रिझल्टच्या तोंडावर सगळेच आकडे फुगलेले असतील. १००० चा कॉल १८ ला मिळतोय आणि १०३० चा कॉल ७ ला विकला जातोय. एक घेतला, एक विकला, खिशातून गेले ११. एक्सपायरीला १०११ च्या वर शेअर गेला की तुम्ही फायद्यात, नुसता कॉल घेतला असता तर १०१८ लागले असते. फायदा १९ रुपयांवर थांबतो हे खरं, पण आयव्ही पडली तर दोन्ही कॉल पडतात, एकाचं नुकसान दुसरा थोडं भरून काढतो. आणि हो, बाहेर पडताना विकलेला कॉल आधी परत घ्या आणि मग दुसरा विका. एकाने उलटं केलं, मधल्या पाच मिनिटांत उघडा विकलेला कॉल अंगावर राहिला आणि मार्जिनचा, म्हणजे खात्यात अनामत भरा असा, मेसेज आला.

प्रश्न (वाळूज, छत्रपती संभाजीनगर): मी एमआयडीसीत शिफ्टला असतो. फर्स्ट शिफ्ट असली की तीननंतर आणि सेकंड असली की सकाळी ट्रेड करतो. ५ मिनिटांच्या चार्टवर आरएसआय ७० ला आला की पुट, ३० ला आला की कॉल. मंगळवारी एक्सपायरीला ५-७ रुपयांचे निफ्टीचे ऑप्शन घेतो, एकदा ६ चे ४८ झाले होते. टायमिंग सुधारायला सेटिंग काय ठेवू?

उत्तर: ते ६ चे ४८ झाले ना, तेच महागात पडणार आहे दादा. ते झाले नसते तर तुम्ही आतापर्यंत सोडून दिलं असतं.

सेटिंगचं नंतर, आधी हे बघा. १४ हा आकडा १९७८ साली वेल्स वाइल्डर नावाच्या अमेरिकन माणसाने आरएसआय मांडला तेव्हापासूनचा, पेशाने मेकॅनिकल इंजिनियर, आणि तो वायदेबाजारातला रोजचा भाव घेऊन बसायचा. त्याचे १४ म्हणजे १४ दिवस. तुमचे १४ म्हणजे ५ मिनिटांच्या १४ कँडल, ७० मिनिटं. सव्वानऊ ते साडेतीनमध्ये अशा ७५ कँडल होतात, त्यात आरएसआय कधी ७० ला जातो आणि कधी ३० ला येतो, बाजारात काही घडलेलं नसलं तरी. तो सिग्नल नाही, तो गर्दीचा आवाज आहे. त्यावर दिवसाला चार ट्रेड केले की आठ ऑर्डर, ऑर्डरला २० रुपये धरले तर १६० रुपये नुसती दलाली, वर एसटीटी (सौद्यावरचा कर), जीएसटी. ५ रुपयांच्या ऑप्शनमध्ये खरेदी-विक्रीच्या भावातलं अंतरच कधीकधी ४-५ टक्के असतं.

आता वेळ कसा खातो ते. मघाचाच १००० रुपयांचा शेअर धरा आणि तो जागचा हललाच नाही, आयव्हीही तीच राहिली असं समजा. १००० चा कॉल बाजाराचे १६ दिवस बाकी असताना साधारण २४ रुपयांचा, ९ दिवस बाकी असताना १८, ४ दिवस बाकी असताना १२, एक दिवस बाकी असताना ६. नीट बघा, पहिले ६ रुपये जायला ७ दिवस लागले, पुढचे ६ जायला ५ दिवस, मग ६ जायला ३ दिवस, आणि राहिलेले ६ एकाच दिवसात. तुम्ही मंगळवारी जो घेता तो हा शेवटच्या दिवसातला. बर्फाची लादी दुपारी दोनला घेऊन उन्हात पायी निघण्यासारखं आहे.

सेबीने २०२४ मध्ये आकडे जाहीर केले, २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर-ऑप्शन करणाऱ्या शंभरातल्या ९३ साध्या गुंतवणूकदारांना तोटा, सगळा मिळून १.८ लाख कोटींच्या वर. त्यानंतर नियम कडक झाले, आठवड्याची एक्सपायरी एका एक्सचेंजला एकाच इंडेक्सची राहिली, निफ्टीची एक्सपायरी सप्टेंबर २०२५ पासून मंगळवारी आली. पण शंभरातल्या सात जणांत आपणच आहोत असं प्रत्येकालाच वाटतं, मलाही वाटायचं.

शिफ्टवाल्याला खरं तर एक फायदा आहे, तुम्हाला दिवसभर स्क्रीन बघताच येत नाही. दिवसाचा चार्ट रात्री बघा, सकाळी एकदा ऑर्डर लावा, स्टॉपलॉस (ठरलेल्या तोट्याला आपोआप बाहेर पडायची ऑर्डर) लावा, कामावर जा. एक्सपायरी निदान तीन-चार आठवडे लांबची घ्या. आणि सेकंड शिफ्ट असली की मंगळवारची सकाळ घरी झोपून काढा.

प्रश्न (नांदेड): मी इंजिनियरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. शेअरच्या चार्टवर आरएसआय लावण्यापेक्षा सरळ ऑप्शनच्या प्रीमियमच्या चार्टवर लावला तर वेळ, आयव्ही सगळं त्यात आलंच ना? मी दोन महिने कागदावर करून बघितलं, सुरुवातीला जमलं आणि महिनाअखेरीला सगळं बिघडलं.

उत्तर: प्रश्न आवडला, आणि खरे पैसे न लावता कागदावर करून बघितलंस हे त्याहून आवडलं. महिनाअखेरीला बिघडतं याचं कारण तुझ्याच प्रश्नात आहे. वर तो २४, १८, १२, ६ चा उतार दिलाय, शेअर जागेवर असतानाचा. त्या उतारावर आरएसआय लाव बघू काय येतं. रोज खालीच चाललंय, वाढ शून्य, म्हणजे आरएसआय शून्याकडे. तुझ्या नियमाने "ओव्हरसोल्ड, घ्या". अरे पण तिथं कुणी घाबरून विकलेलं नाही, नुसतं कॅलेंडर पुढं सरकलंय. दुसरं म्हणजे आजच्या भावापासून लांबच्या स्ट्राइकचे (ऑप्शनमधल्या ठरलेल्या भावाचे) मुळात सौदेच तुरळक असतात, दुपारी एकदा झाला आणि तीनला एकदा झाला, त्या दोन ठिपक्यांवर इंडिकेटर काय काढणार?

शेअरच्या चार्टवर मोमेंटम, ऑप्शनच्या बाजूला आयव्ही आणि राहिलेले दिवस, असे तीन वेगळे कॉलम ठेव. तुला प्रोग्रॅमिंग येत असणार तर अजून एक कॉलम टाक. शेअरचा रोजचा सरासरी फरक काढ, वर-खाली न बघता, समजा १२ रुपये. ९ दिवसांत तो १०८ चालत नाही, कारण चार पावलं पुढं आणि तीन मागं असं चालतो. ९ चं वर्गमूळ ३, म्हणजे साधारण ३६ रुपये, तेही वर का खाली ते माहीत नाही. आता १०२० चा कॉल १० रुपयांना मिळत असेल तर एक्सपायरीपर्यंत धरून ठेवायला शेअर १०३० च्या वर हवा. वर ३० जायला पाहिजे आणि हा दोन्हीकडचं धरून ३६ चालतो, म्हणजे चारातून साधारण एकदा जमेल. तुझ्या आरएसआयच्या सिग्नलने ते चारातून दीड वेळा होतंय का, हे तपासायचं. होत नसेल तर सिग्नल कितीही देखणा असला तरी तो प्रीमियम वसूल करत नाही. निकाल काय आला ते मला कळव, खरंच कळव.

प्रश्न (परभणी): मुलगा टेलिग्रामवरच्या एका ग्रुपला महिन्याला पैसे भरतो, ते म्हणतात आमचा खास मोमेंटम इंडिकेटर आहे. हे बरोबर आहे का? आईचा प्रश्न समजा.

उत्तर: ताई, त्याला दोनच गोष्टी मागायला सांगा. सेबीचा नोंदणी नंबर, जो सेबीच्या वेबसाइटवर टाकून बघता येतो, आणि गेल्या वर्षभराच्या सगळ्या ट्रेडचं ब्रोकरकडचं स्टेटमेंट, निवडक स्क्रीनशॉट नाही. नंबर मागितल्यावर ग्रुपमधून काढून टाकलं तर उत्तर मिळालं. आणि मुलाला रागावू नका, रागावलं की लपवतात, मग मोठं होतं.

प्रश्न (बीड): माझा एका शेअरचा कॉल पैशात (इन द मनी) होता, म्हणजे शेअर स्ट्राइकच्या वर होता, मी म्हटलं एक्सपायरीला आपोआप फायदा जमा होईल. मोमेंटम मस्त होता म्हणून विकला नाही. शेवटच्या आठवड्यात ब्रोकरचे मार्जिनचे मेसेज सुरू झाले. मी तर ऑप्शन विकत घेतला होता, मला काहून मार्जिन?

उत्तर: कारण तो शेअरचा ऑप्शन होता, निफ्टीचा नाही. हे बऱ्याच जणांना नुकसान झाल्यावर कळतं म्हणून जरा नीट लिहितो. निफ्टीचा हिशेब रोखीत होतो, फरक जमा-खर्ची पडला की विषय संपला. शेअरच्या फ्युचर-ऑप्शनची मात्र ऑक्टोबर २०१९ पासून सरसकट डिलिव्हरी असते. तुमचा कॉल एक्सपायरीला पैशात राहिला तर तुम्हाला तो सगळा लॉट स्ट्राइकच्या भावाने विकत घ्यावा लागतो. १००० चा कॉल, लॉट ५५० चा, म्हणजे साडेपाच लाख रुपये खात्यात पाहिजेत. पुट पैशात (शेअर स्ट्राइकच्या खाली) राहिला तर उलटं, तेवढे शेअर तुमच्याकडे द्यायला पाहिजेत. म्हणून शेवटच्या चार-पाच दिवसांत मार्जिन टप्प्याटप्प्याने चढत जातं, आणि पैसे नसले की ब्रोकर त्याच्या सोयीने तुमचा सौदा कापतो. तो कापतो तेव्हा भाव बघत नाही.

यातून टायमिंगचा एक नियम निघतो जो कुठल्याच इंडिकेटरमध्ये नाही. शेअरच्या ऑप्शनला आठवड्याची एक्सपायरी नसतेच, महिन्याची असते, एनएसईवर आता महिन्यातला शेवटचा मंगळवार. त्याच्या आधीच्या बुधवारी मी डायरीत लाल पेनने लिहितो "बाहेर". मोमेंटम तेव्हा कितीही चांगला असला तरी बाहेर, आणि अजून तेजी वाटत असेल तर पुढच्या महिन्याचा घ्यायचा. शेवटच्या दिवसांत खरेदी-विक्रीतलं अंतरही रुंदावतं, खोल पैशात गेलेल्या कॉलला तर घेणारा १७.२० बोलतो आणि देणारा १९.६० असली तऱ्हा दिसते. तिथं मार्केट ऑर्डर टाकू नका, लिमिट टाकून मधल्या भावाला उभं राहा, दहा मिनिटं थांबायची तयारी ठेवा.

प्रश्न (वसमत): आमची हळद घरात पडून आहे. ऑप्शन-बिप्शन आपल्याला जमत नाही, पण हा आरएसआय हळदीला लावून कधी विकायची ते कळंल का?

उत्तर: हे पत्र मी मुद्दाम शेवटी ठेवलं, कारण सगळ्यांत योग्य जागी आरएसआय तुम्हीच लावताय काका. हे यंत्र निघालंच मुळी मालाच्या वायद्यांसाठी. हळदीचा वायदा एनसीडीईएक्सवर चालतो, डिलिव्हरीचं मुख्य ठिकाण निजामाबाद, म्हणजे चार्ट मिळतो. सोयाबीनवाल्यांना ती सोय राहिली नाही, डिसेंबर २०२१ मध्ये सोयाबीनचे वायदे बंद झाले, हरभऱ्याचे त्याच्याही आधी ऑगस्टमध्ये. आणि तुमच्या हळदीला एक्सपायरी नाही, हे सगळ्यांत मोठं. औशाच्या दादाचा कॉल तारखेने खाल्ला, तुमची हळद तारखेने मरत नाही, फार तर वजनात घट येईल, कीड लागू नये म्हणून बघावं लागेल आणि गोदामाचं भाडं जाईल.

मी तुमच्या जागी असतो तर आठवड्याचा चार्ट घेतला असता, रोजचा नाही, रोजचा बघून जीव खालीवर होतो. भाव चढता आहे, आरएसआय ७० च्या वर गेलाय, तेव्हा घाईने सगळी विकायची नाही, आवक अजून येतेय असं समजायचं. तो ७० च्या वरून परत खाली आला, म्हणजे जोर ओसरायला लागला, की तिसरा हिस्सा विकायचा. परत चढला तर उरलेलं आहेच हातात, पडत गेला तर अजून एक हिस्सा काढायचा. वायद्याचा भाव आणि वसमतच्या मोंढ्यातला भाव यात फरक असतो, तो तुमच्या मालाच्या प्रतीवर आणि ओलाव्यावर जातो, म्हणून चार्टवरचा आकडा आडत्याला दाखवून भांडू नका, तो हसेल. पुढचं पत्र पाठवताना हळद कुठली, किती पोती, आणि घरात कोणाचं देणं कधी द्यायचंय तेवढं लिहा, मग तारखेसकट सांगतो.